ग्रामसभेंतील रिकामी जागा

‘राजकारण हें आपलें काम नव्हे’ असें म्हणणारा सज्जन गृहस्थ गांवोगांव भेटतो. निवडणुकीला मत द्यावें आणि पुढील पांच वर्षें कारभाऱ्यांवर सोपवावीं, अशी त्याची समजूत.

१९९२ सालीं संमत झालेल्या ७३व्या घटनादुरुस्तीनें ग्रामसभेला घटनेंत स्थान मिळालें. गांवच्या मतदारयादींत ज्याचें नांव, तो तिचा सभासद. त्याला निवडून यावें लागत नाहीं. घरकुल कोणाला द्यावयाचें, गतवर्षीं पैसा कोठें खर्च झाला, हे प्रश्न तेथेंच विचारावयाचे असतात.

महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणें सभेला मतदारांपैकीं शेंकडा १५ किंवा १००, यांतील कमी असेल तितके लोक हजर लागतात. ते न जमल्यास सभा तहकूब होते. आणि तहकूब सभेला मग गणसंख्येचें बंधनच उरत नाहीं! म्हणजे आपण घरीं बसल्यानें निर्णय थांबत नाहीं. पांच-दहा मंडळी तो करून मोकळी होतात. आणि ती बहुधा स्वतःचें कांहीं काम अडलेलीं असतात.

हजेरीचें मोल पाहावयाचें तर गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा-लेखा या गोंड गांवाकडे पाहावें. तेथें बहुमतानें नव्हे, सर्वांच्या संमतीनें निर्णय घेण्याचा परिपाठ आहे. त्याला वेळ फार लागतो, पण घरीं कोणी बसत नाहीं. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वयें या गांवानें २००९ सालीं सुमारें १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळविला. तरीहि बांबूच्या वाहतुकीचे परवाने वनखात्याच्याच हातीं होते. गांवानें पिच्छा सोडला नाहीं. एप्रिल २०११ मध्यें परवान्यांचें पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन झालें, आणि बांबू किती तोडावयाचा व कोणत्या भावानें विकावयाचा, हें ठरविण्यास गांव स्वतः बसूं लागलें.