बीव्हरचा बांध फोडून काय होते?

कॅनडा किंवा अमेरिकेच्या उत्तर भागात ओढ्याकाठी शेत असलेल्या माणसाला कधी कधी एक विचित्र अनुभव येतो. पाऊस नाही, पूर नाही, तरीही शेतात पाणी चढू लागते. शोध घेतल्यावर ओढ्यावर काटक्या, चिखल आणि दगडांचा बांध सापडतो. तो बीव्हरने घातलेला असतो. शेतकरी बांध फोडतो, पण एक-दोन रात्रींत तो पुन्हा उभा!

बीव्हर हा उंदीर-खारींसारखा कुरतडणारा प्राणी आहे. त्याचे वजन साधारण १६ ते ३० किलो असते. जमिनीवर तो संथ असल्याने लांडग्या-अस्वलांच्या तावडीत सापडतो, पाण्यात मात्र चपळ असतो. म्हणून तो ओढा अडवून खोल तळे करतो आणि घराचे दार पाण्याखाली ठेवतो. स्वीडिश संशोधक लार्स विल्सन यांनी बीव्हरना वाहत्या पाण्याचा नुसता आवाज ध्वनिक्षेपकावरून ऐकवला, तेव्हा त्यांनी तिथेही काटक्यांचा ढीग रचला. फोडलेल्या बांधातून खळखळणारे पाणी म्हणजे त्याला कामाचे बोलावणेच.

नुकसान खरे असते. रस्त्याखालची मोरी तुंबते, रस्ता खचतो, फळझाडे आडवी होतात, सेप्टिक टँक पाण्याखाली जाऊन विहीर दूषित होऊ शकते. प्राणी मारला तरी जागा फार काळ रिकामी राहत नाही. साधारण दोन वर्षांची पिल्ले घर सोडून नवा ओढा शोधतच असतात.

मग उपाय? बांधातून एक जाड पाइप आरपार घालायचा आणि त्याचे पाण्यातले तोंड जाळीच्या पिंजऱ्यात, बांधापासून दूर ठेवायचे. पाणी आवाज न करता निघून जाते, तळे ठरावीक पातळीवर राहते. झाडांच्या बुंध्यांभोवती तारेची जाळी लावली की तीही वाचतात. पाइप अधूनमधून साफ मात्र करावा लागतो.

आरोग्याचाही एक मुद्दा आहे. जिआर्डिया या परजीवीमुळे होणाऱ्या जुलाबांना तिकडे ‘बीव्हर फीव्हर’ म्हणतात. पोट फुगणे, दुर्गंधीयुक्त तेलकट शौच आणि वजन घटणे ही त्याची लक्षणे. पण सगळा दोष बीव्हरला देणे अन्यायाचे आहे. माणसाच्या आणि गुरांच्या विष्ठेतूनही हा परजीवी पाण्यात उतरतो. आपल्याकडे बीव्हर नाहीत, जिआर्डिया मात्र भरपूर आहे. थंड पाण्यात तो अनेक आठवडे टिकतो आणि क्लोरिनलाही सहज दाद देत नाही. पाणी खळखळून एक मिनिट उकळले की मरतो. जुलाब आठवड्याहून अधिक रेंगाळले तर शौच तपासून घ्यावे, मनाने गोळ्या घेऊ नयेत.