बंडकरी बाईला भाकरी कोण देणार?

बंडकऱ्याची गोष्ट कुठल्याही गावच्या पारावर सांगितली तरी तिचा सांगाडा एकच असतो. सावकाराने जमीन गिळली, सरकारी माणसाने अंगावर हात टाकला, पोराचं डोकं फिरलं, एकाला आडवा केला आणि त्याने डोंगर धरला. पुढे तो श्रीमंतांना लुटतो, गरिबाच्या पोरीचं लग्न लावून देतो, पोलिसांच्या हातावर तुरी देतो आणि शेवटी फितुरीने सापडतो. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फासावर गेलेल्या उमाजी नाईकांची गोष्ट साधारण अशीच सांगितली जाते. ४ डिसेंबर १८८९ रोजी जबलपुरात फाशी दिलेल्या तंट्या भिल्लाचीही तीच. तंट्याच्या अटकेनंतर अमेरिकेतल्या एका बड्या वर्तमानपत्राने त्याला ‘हिंदुस्थानचा रॉबिन हूड’ म्हटलं होतं. आपल्या छत्रपती संभाजीनगरातल्या (पूर्वीच्या औरंगाबादेतल्या) बाबा भांडांनी त्याच्यावर ‘तंट्या’ ही कादंबरी लिहिली आणि निमाड-खानदेशातला हा माणूस मराठी वाचकाच्या घरात आणून बसवला. अलीकडे अशा जुन्या गोष्टींत नायकाच्या जागी नायिका घालून पाहण्याची हौस जगभर वाढली आहे. इंग्रजीत रॉबिन हूडला बाई करून सांगणारी पुस्तकं आता नवलाची राहिलेली नाहीत. मराठीत हे करायचं झालं तर नुसतं ‘तो’चं ‘ती’ करून भागणार नाही, कारण ही गोष्ट ज्या चुलीवर शिजते ती चूल बाईच्या हातात असते.

हे नीट पाहायचं तर बंडकऱ्याच्या पोटाकडे पाहावं लागतं. डोंगरात दडलेल्या पाच-पंचवीस माणसांना रोज दोन वेळा खायला लागतं आणि करवंदा-बोरांवर टोळी जगत नाही. धडप्यात बांधलेल्या ज्वारीच्या भाकरी, वर ठेच्याचा गोळा, एखादा कांदा, हे सगळं कुठल्या तरी घरातून निघतं आणि अंधार पडल्यावर ठरल्या जागी पोचतं. पीठ मळणारी बाई पोवाड्यात येत नाही, तरी तिने हात आखडला तर आठ दिवसांत टोळी खाली उतरेल. पोलिसांना हे कवींपेक्षा आधी कळलं होतं. म्हणून बंडकऱ्याला धरायचं तर त्याच्या घरच्यांना धरायचं, ही रीत. अण्णा भाऊ साठ्यांच्या १९५९च्या ‘फकिरा’त नायक लढाईत हरत नाही. सरकार त्याच्या माणसांना डांबून ठेवतं, तेव्हा तो आपणहून हजर होतो. तंट्याला धरून देणारा गणपत हा त्याच्या मानलेल्या बहिणीचा नवरा, आणि राखी बांधून घ्यायला तो त्या घरी आला होता असं सांगतात. तिकडे रॉबिन हूडही बाणाने मरत नाही. कर्कलीजच्या मठात आजारी अवस्थेत रक्त काढून घ्यायला जातो आणि नात्यातलीच मठाधिकारीण ते वाहू देऊन त्याचा जीव घेते. जगवते ती बाईची चूल, घात होतो तोही घराच्या उंबऱ्यापाशी. आता बाईच बंडाला निघाली तर उंबऱ्याआत कोण उरलं?

या प्रश्नाचं खरंखुरं उत्तर आपल्याकडे आहे, तेही फार लांब नाही. धोपटेश्वर हे बदनापूरजवळचं गाव आज जालना जिल्ह्यात आहे. १ मे १९८१ रोजी जालना वेगळा होईपर्यंत ते औरंगाबाद जिल्ह्यातच होतं. या गावच्या दगडाबाई शेळके हैदराबाद मुक्तिसंग्रामात निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांविरुद्ध उतरल्या. घोड्यावर मांड टाकून फिरणारी, हत्यार बाळगणारी, रझाकारांच्या ठाण्यांवर हातबॉम्ब टाकणारी बाई म्हणून त्यांची ख्याती झाली. २०१३ साली त्या वारल्या. पण त्यांच्या चरित्रातली सगळ्यांत विलक्षण गोष्ट घोडाही नाही आणि बॉम्बही नाही. लढ्यात पूर्णवेळ उतरायचं तर संसार होणार नाही, हे ओळखून त्यांनी आपल्या नवऱ्याचं दुसरं लग्न लावून दिलं. पुरुष बंडकऱ्याला घर सोडताना मागे कोणाला नेमावं लागत नाही. बायको असते, आई असते, ते गृहीतच असतं. दगडाबाईंना आधी आपल्या जागी माणूस बसवावं लागलं, मग त्या मोकळ्या झाल्या.

यावर कोणी म्हणेल की या सगळ्या सांगोवांगीच्या गोष्टी. लढ्यातल्या माणसांभोवती कथा जमतातच, त्यातलं किती खरं धरायचं? शंका रास्त आहे. घोड्याच्या दौडी आणि स्फोटांची संख्या वाढवून सांगितली जाते, सगळ्याच वीरांच्या बाबतीत. पण नवऱ्याचं दुसरं लग्न हा तपशील पोवाड्याला मुळीच सोयीचा नाही. त्याने वीरश्री वाढत नाही, उलट ऐकणारा अडखळतो. गोष्ट रंगवणारा असा प्रसंग पदरचा घालत नाही, असलाच तर हळूच वगळतो.

आणि तो वगळला जातोच. दगडाबाईंना आपण ‘मराठवाड्याची झाशीची राणी’ म्हणतो. हेतू आदराचाच आहे, तरी या उपाधीने नुकसान केलं आहे. झाशीच्या राणीला राज्य होतं, किल्ला होता, तिच्या नावाने लढणारी फौज होती. धोपटेश्वरच्या शेतकरी बाईकडे यातलं काहीच नव्हतं. लढणारा पुरुष आपल्याला रामोशी, भिल्ल, मांग, शेतकरी असा कोणीही चालतो. लढणारी बाई दिसली की तिला आधी राणी करावं लागतं. ‘दरोडेखोर’ हा शब्द बाईला लावायचा तर पुढे ‘बाई’ जोडावं लागतं आणि ‘बंडकरीण’ तर कोणाच्या तोंडी नाही. साचा नाही, म्हणून उसना मुकुट. इतिहासकार एरिक हॉब्सबॉमने सामाजिक दरोडेखोरांवर गाजलेलं पुस्तक लिहिलं, त्याच्या नंतरच्या आवृत्तीत बायकांना जागा मिळाली ती परिशिष्टात. विद्वानांचीही तीच अडचण.

मुक्तिसैनिक बाईला बंडकरी म्हणणं हा अपमान नाही का, हा आक्षेप येणारच. बंडकरी, दरोडेखोर, फरारी हे शब्द नेहमी सरकारच्या दप्तरात जन्मतात. उमाजी इंग्रजांच्या कागदांत दरोडेखोर होते, आज त्यांना आद्यक्रांतिकारक म्हणतात. माणूस तोच, दप्तर बदललं. नांदेडकडच्या उमरीची बँक जानेवारी १९४८ मध्ये मुक्तिसैनिकांनी लुटली आणि वीस लाखांहून अधिक रक्कम नेली. निजामाच्या कायद्याने हा दरोडाच. लुटलेल्या पैशाचा हिशेब ठेवणारा दरोडा, हे मात्र आपल्याच मुलखाचं वैशिष्ट्य. सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या लेखी हे सारेच गुन्हेगार होते, आणि १७ सप्टेंबरला निजाम शरण आल्यावर तेच वीर झाले. दगडाबाईंना बंडकऱ्यांच्या रांगेत बसवलं तर त्या उमाजी आणि तंट्यांच्या शेजारी बसतात. त्यात कमीपणा कसला?

दुसरा आक्षेप अधिक जुना आहे: दंतकथेत हवा तसा बदल करू नये. पण दंतकथा कधी स्थिर होत्या? जुन्या पोवाड्यांतला रॉबिन साधा स्वतंत्र शेतकरी होता. सोळाव्या शतकाच्या अखेरीस नाटककारांनी त्याला सरदार केलं. त्याची प्रेयसी मॅरियन तर जुन्या पोवाड्यांत नाहीच, मागाहून आली. नंतरच्या एका पोवाड्यात ती पुरुषवेश घेऊन रानात जाते, रॉबिनशी तलवारीने तासाभराहून अधिक वेळ लढते आणि त्याला जखमी करते. ओळख पटताच मात्र लढाई थांबते, मिठ्या पडतात आणि मेजवानी होते. कथेने तिला हत्यार दिलं ते सोंगापुरतं. मराठी बाईला या सोंगाची गरज नव्हती, हा एक मजेचा फरक. काष्टा घातलेलं नऊवारी लुगडं घोड्यावर मांड टाकायला अडत नाही.

मग ही गोष्ट बदलते ती कुठे? एक तर लपण्यात. पुरुष बंडकरी जंगलात दडतो, बाई भर रस्त्यात दडते. डोक्यावर पाटी, पाटीत शेण्या नाहीतर भाजी, पदर कपाळापर्यंत ओढलेला: अशी बाई नाक्यावरून गेली तर शिपाई वर पाहत नाही. मुक्तिसंग्रामात निरोप, पत्रकं, हत्यारं बायकांच्या हातून सरकली ती याच बळावर. समाज जिच्याकडे बघतच नाही, तिच्यासारखं लपलेलं कोणी नसतं. दुसरा बदल कारणाचा. पुरुषाला बंड करायला गावाचं दुःख पुरतं, बाईच्या अंगावरच अत्याचार व्हावा लागतो, असा पडद्याचा नियम होऊन बसला आहे. फूलनदेवीवरचा १९९४चा ‘बँडिट क्वीन’ आठवा. फूलनदेवी तेव्हा हयात होत्या आणि त्या चित्रपटाविरुद्ध त्या स्वतः कोर्टात गेल्या. त्यांच्यावरचा अन्याय खरा होता. पण गोष्ट तेवढ्यातच कोंबली की ही बाई १९९६ साली मिर्झापूरहून लोकसभेत कशी पोचली, हे कळायला वाव उरत नाही. मराठवाड्यातल्या बायका सूड म्हणून नव्हे, राज्य पटत नव्हतं म्हणून उभ्या राहिल्या. एवढं कारण बाईलाही पुरतं, हे कथेत येऊ दिलं तरी अर्धं काम झालं.

छत्रपती संभाजीनगरातल्या सिद्धार्थ उद्यानात मुक्तिसंग्रामाचा स्मृतिस्तंभ आहे आणि दर १७ सप्टेंबरला तिथे मानवंदना होते. त्या लढ्यातल्या बाईवर उद्या कोणी कादंबरी किंवा लोकनाट्य लिहायला घेतलं, तर पहिला प्रवेश घोड्याच्या टापांचा नको, लग्नाच्या मांडवाचा हवा. नवरी दुसरी, नवरा तोच आणि अक्षता टाकणारी पहिली बायको, जिला मुंडावळ्या सुटायच्या आत निघायचं आहे. अशा प्रवेशाला कुठला ताल द्यायचा, हे शाहिराला ठरवावं लागेल, कारण जुन्या बंडकऱ्याच्या पोवाड्यात तो सापडणार नाही. शिवाय त्या मांडवात आणखी एक बाई आहे. पहिली निघून गेल्यावर त्या घरच्या चुलीपुढे ती बसली. जनावरांचं केलं, सडा-सारवण केलं आणि घरातल्यांच्या भाकरी थापल्या. रात्री-बेरात्री दार वाजलं तर काटवट पुन्हा पुढे ओढायची, तीही तिनेच.