कॉट बेसिस

१२ डिसेंबर २०२५ रोजी मोटेल शंभर वर्षांचं झालं. कॅलिफोर्नियातल्या सॅन लुईस ओबिस्पो या गावी आर्थर हाइनमन नावाच्या वास्तुविशारदाने १९२५ साली त्या दिवशी मोटारवाल्यांसाठी मुक्कामाची जागा उघडली. लॉस एंजेलिस ते सॅन फ्रान्सिस्को हा प्रवास तेव्हा एका दिवसात उरकत नसे, म्हणून मध्यावर ही सोय. रात्रीचा भाव सव्वा डॉलर. गाडी दाराशी लावा, झोपा, सकाळी निघा. हे आद्य मोटेल १९९१ सालीच बंद पडलं, त्यामुळे शंभरी साजरी करायला घरचं कुणी उरलं नव्हतं.

गोरेगावात बसून मला या शंभरीचं एरवी काहीच पडलं नसतं. पण त्याच सुमारास भाच्याने मोबाइलवर काही फोटो पाठवले. खाली लिहिलं होतं, ‘मामा, बघ कसलं भारी आहे! फुल्ल व्हिंटेज!’ लाल कोबा, बाकेलाइटचे काळे गोल स्विच, सिमेंटच्या जाळीचे झरोके, लोखंडी खाट, तिच्यावर सोलापुरी चादर, स्टुलावर पितळी तांब्या. बाहेर गुलाबी दिव्यांची पाटी आणि तिच्यावर इंग्रजीत नवं नाव. जागा जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरची, खोपोलीच्या अलीकडची. मी ती ओळखली, कारण जिन्याखालची तिरपी मोरी अजून तशीच होती. तिथे आता निवडुंगाच्या कुंड्या मांडल्यात. एका रात्रीचा भाव माझ्या १९९२ सालच्या महिन्याच्या पगाराहून जास्त.

भाच्याला मी अंगठा पाठवला आणि दिवसभर माझं डोकं फिरलेलं राहिलं.

त्या रस्त्याचा सगळा इतिहास सांगत बसत नाही. बोरघाटातून गाडीरस्ता १८३० साली झाला. मग रेल्वे आली आणि रस्ता दुय्यम ठरला. फियाट-अँबेसिडरच्या दिवसांत खंडाळ्याला हवा खायला जाणारे लोक होते, त्यांच्या आठवणी त्यांनी स्वतःच भरपूर लिहून ठेवल्यात. १९७५ साली राज्याचं पर्यटन महामंडळ निघालं. १९८२च्या दिल्लीतल्या आशियाई स्पर्धांसाठी घेतलेल्या बसगाड्या एसटीकडे आल्या, दादर-पुणे धावू लागल्या आणि लोक त्यांना ‘एशियाड’ म्हणू लागले. यातलं काहीच माझं नाही. माझं ते नव्वदचं दशक.

मी औषधकंपनीचा एमआर होतो. टापू पनवेल ते तळेगाव. सकाळी आरेच्या नाक्यावर हायवेला उभं राहून बोरिवलीहून येणारी पुण्याची एसटी पकडायची, डाव्या हातात नमुन्यांची बॅग, आणि दिवसभर डॉक्टरांच्या दारातल्या बाकांवर बसायचं. संध्याकाळ झाली की खोपोलीजवळ मुक्काम, भाच्याच्या फोटोंतल्या त्याच जागी. घाटाच्या पायथ्याचं गाव असल्याने तिथे लॉज चालणं साहजिक होतं. ट्रक चढणीआधी इंजिन थंड करायला थांबत, उतरून आलेले ब्रेक थंड करायला थांबत. पावसाळ्यात एखादा ट्रेलर वळणावर आडवा झाला की घाट तासन्‌तास तुंबून राही, आणि अमृतांजनच्या जाहिरातीवरून ज्याला नाव पडलं त्या पुलापासून खालपर्यंत दिव्यांची रांग लागे. मग लॉजच्या काउंटरवर झुंबड. (तो पूलही गेला. २०२०च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीत रस्ता रिकामा सापडल्यावर पाडला.)

काउंटरमागे भावांची पाटी होती. सिंगल, डबल, अ‍ॅटॅच्ड, आणि सगळ्यात खाली कॉट बेसिस. म्हणजे मागच्या हॉलमध्ये ओळीने लावलेल्या लोखंडी कॉटांपैकी एक. बॅग कॉटखाली, पाकीट उशाखाली, चपला हाताच्या अंतरावर. गरम पाणी सकाळी ६ ते ८, बादलीचे वेगळे पैसे. मालक उडुपीकडचे, त्यांना सगळे अण्णा म्हणत. एमआर मंडळींचा भत्ता बिलावर मिळतो हे त्यांना पाठ होतं. पैसे घेऊन झाले की ते पेन उघडून शांतपणे विचारायचे, ‘बिल कितीचं?’

त्या हॉलमध्ये झोपलेली माणसं आठवतात. कारखान्यात मशीन दुरुस्तीला आलेले फिटर. बँकेच्या तपासणीला निघालेले कारकून. घाटात गाडी बंद पडलेलं कुटुंब असलं, तर अण्णा त्यांना आतली खोली द्यायचे आणि भाव नंतर सांगायचे. पुढच्या गावच्या जत्रेची सुपारी ठरवायला आलेला तमाशाच्या फडाचा मॅनेजर. एकदा एक कीर्तनकार बुवा होते, त्यांनी टाळ उशाशी ठेवले होते आणि रात्रभर कुणी कूस बदलली की ते किणकिणत. पाऊस असला की ट्रकचे क्लीनरही आत येत. हे सगळे लोक एकमेकांना पुन्हा कधी भेटणार नव्हते, तरी कुणाकडे कासवछाप अगरबत्ती उरली तर ती मधोमध लावली जाई.

आता लगेच डोळे पुसायची गरज नाही. ढेकूण होते. चादर जूनमध्ये ओली व्हायची ती थेट गणपतीत वाळायची. उशीला आधीच्या माणसाच्या तेलाचा वास. आणि एक हिशेब मला चुकता करायचाच आहे: ही लॉजं सर्वांना खुली होती, हे आज सांगितलं जातं तेवढं खरं नाही. एकटी बाई आली की काउंटरवरचा माणूस रजिस्टर मिटायचा. आमच्याच धंद्यातली एक मुलगी, माझ्यासारखीच बॅग घेऊन फिरणारी, शेवटच्या एसटीने परत जायची, कारण पनवेलच्या पुढे तिला कुणी खोली देत नव्हतं. जोडप्याकडे लग्नाचा पुरावा मागत. ही खोड जुनी आणि चिवट. २०१५च्या ऑगस्टमध्ये आमच्या शेजारच्या मढ-आक्सा भागातल्या हॉटेलांवर पोलिसांनी छापे घातले, खोल्यांतून सज्ञान जोडप्यांना बाहेर काढलं, दंड केले. त्यांचा गुन्हा काय, हे पोलिसांना नीट सांगता आलं नाही आणि आयुक्त राकेश मारिया यांना चौकशी लावावी लागली. नव्या बुटीक हॉटेलवाल्यांनी जोडप्यांना निमूट खोली द्यायला सुरुवात केली, हे त्यांच्या खात्यावर जमा करायलाच हवं.

मग द्रुतगती मार्ग आला. काही भाग २००० साली, पूर्ण रस्ता २००२ साली. देशातला अशा प्रकारचा पहिला. कळंबोलीला चढलात की देहू रोडला उतरायचं, मध्ये थांबलात तर फूडमॉलमध्ये. त्याचं कौतुक मीही केलं, घाटात अडकून रात्री काढलेला माणूस दुसरं काय करणार? पण चौक, खालापूर, खोपोली या पट्ट्यातल्या जुन्या रस्त्यावरच्या माणसांचं पुढे काय, हा प्रश्न कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. टोलचे आकडे निघाले, वाचलेल्या मिनिटांचे आकडे निघाले. गिऱ्हाईक आटलेल्या लॉजांनी जमेल तो धंदा केला. पनवेलच्या आसपास डान्सबारांची चलती होती, त्यांच्या आडोशाला काही खोल्या चालल्या. २००५ साली आर. आर. पाटील गृहमंत्री असताना बारबंदी झाली आणि तेही दिवे मालवले. पुढे कुणी लग्नाचं लॉन केलं, कुणी गोडाऊन भाड्याने दिलं. अण्णांनी जागा विकली आणि गावी गेले. मी तोवर औषधांचा धंदा सोडून लिहायला लागलो होतो.

हे सगळं अमेरिकेत आधीच होऊन गेलंय. तिथे १९५६च्या कायद्याने आंतरराज्य महामार्ग बांधले गेले, जुने रस्ते ओस पडले, मोटेलं कवडीमोल झाली आणि ती आपल्या शेजारच्या गुजरातेतल्या पटेलांनी घेऊन नातेवाइकांच्या बळावर चालवली. नंतर शहरी लोकांना त्यांच्यातलं सौंदर्य दिसलं. टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात लिझ लँबर्ट या वकीलबाईंनी १९९५ साली सॅन होजे नावाचं १९३०च्या दशकातलं, मोडकळीला आलेलं मोटेल विकत घेतलं. नूतनीकरणाला पैसे मिळेपर्यंत त्या ते आहे तसं चालवत राहिल्या. रात्रीच्या, आठवड्याच्या बोलीवर राहणारे व्यसनी, कफल्लक, भटके असे भाडेकरू, आणि काउंटरवर बाई स्वतः. तो काळ त्यांनी कॅमेऱ्याने टिपला, त्याचा माहितीपटही निघाला. २००० साली हॉटेल नव्या रूपात उघडलं आणि या धंद्यात दंतकथा झालं. बाईंचा मला आदर वाटतो. आपण कुणाला बाहेर काढतो आहोत, ते त्यांनी निदान बघितलं.

मेंफिसचं लोरेन मोटेल तर जगाला माहीत आहे. मार्टिन ल्यूथर किंग यांना ४ एप्रिल १९६८ला तिथेच गोळी लागली. आज ते नागरी हक्कांचं संग्रहालय आहे, १९९१ साली उघडलेलं. त्यासाठी १९८८ साली शेवटच्या भाडेकरूला, जॅकलीन स्मिथ यांना, पोलिसांनी बाहेर काढलं. त्या समोरच्या पदपथावर बसल्या आणि पुढची तीस-पस्तीस वर्षं तिथे निदर्शनं करत राहिल्या. संग्रहालयाचा पैसा गरिबांच्या घरांवर खर्च करा, किंगना तेच आवडलं असतं, असं त्यांचं म्हणणं. संग्रहालय वाईट आहे असं मी म्हणणार नाही. पण बाईंना उत्तर देणंही मला जमलेलं नाही.

आपल्याकडचे नमुने सौम्य आहेत. पणजीच्या फोंतेन्हासमध्ये ‘पणजी इन’वाल्यांनी ऐंशीच्या दशकातच जुन्या घराचं अतिथिगृह केलं, तेव्हा या प्रकाराला फॅशन म्हणत नव्हते. कुलाब्याला रिगलजवळच्या लॅन्सडाउन हाउसमध्ये ‘अबोड’ हे बुटीक हॉटेल आहे. लंडनमध्ये २०१०पासून ‘डिशूम’ मुंबईच्या इराणी हॉटेलांची हुबेहूब नक्कल विकतं आणि लोक रांग लावून खातात. इकडे खरे इराणी एकेक करून शटर ओढत असतात. गोरेगावकरांना या कलेचं नवल नको. फिल्मसिटी १९७७पासून आमच्या उशाला आहे. दर्शनी भाग पक्का रंगवलेला आणि मागे बांबू, ही रचना आम्ही ओळखतो. भाच्याच्या फोटोंतली ती खोली तशीच वाटली. तांब्या होता, पण त्यातून पाणी पिणारा कुणी तिथे येऊ शकत नव्हता.

यावर एक ठरलेला सवाल येतो: मग पाडून टाकलं असतं तर बरं झालं असतं का? नसतं. आमच्या एस. व्ही. रोडवरचा फिल्मिस्तान स्टुडिओ बघा. १९४३ साली शशधर मुखर्जी, अशोककुमार प्रभृतींनी उभा केलेला. ‘अनारकली’, ‘नागिन’, ‘पेइंग गेस्ट’ तिथल्या. २०२५च्या जुलैमध्ये १८३ कोटींना एका बिल्डरकडे गेला, आता तिथे टॉवर येणार. त्याला रेट्रो करायचीही कुणाला गरज वाटली नाही. खोपोलीच्या लॉजच्या भिंती निदान उभ्या आहेत, हे मला दिसतं. लाल कोबा जपला, जाळ्या जपल्या, चांगलंच केलं. माझं भांडण भावाच्या पाटीशी आहे, जिच्यावरून शेवटची ओळ पुसली गेली.

कारण त्या ओळीवर झोपणारी माणसं संपलेली नाहीत. शनिवारी रात्री लोणावळा-खंडाळ्याच्या कुठल्याही महागड्या मुक्कामाबाहेर जाऊन बघा. पाहुणे आत असतात आणि त्यांना घेऊन आलेला चालक सीट मागे पाडून, काच चार बोटं खाली करून गाडीत झोपलेला असतो. सकाळी त्याच माणसाने घाट उतरवायचा असतो. तामिळनाडू सरकारने २०२३ साली बांधकाम नियमांत दुरुस्ती करून हॉटेलांना पाहुण्यांच्या चालकांसाठी झोपायची आणि स्वच्छतागृहाची सोय सक्तीची केली. हे आपल्या सरकारनेही करावं, आणि पर्यटन महामंडळाने स्वतःच्या निवासांपासून सुरुवात करावी.

तोवर, जुन्या रस्त्यावरची लॉजं घेऊन सजवणारं कुणी हे वाचत असेल तर त्यांना माझी विनंती आहे. मागच्या हॉलमध्ये आठ कॉट ठेवा. स्वच्छ गादी, पंखा, सकाळी गरम पाणी आणि चालकाच्या खिशाला झेपेल असा भाव. आणि तो भाव बाहेरच्या पाटीवर मराठीत लिहा.