ग्रंथालयीन ई-पुस्तकांचे प्रत-संरक्षण आणि उपकरण-सुसंगतता

ग्रंथालयाने ठरावीक मुदतीसाठी दिलेल्या ई-पुस्तकाची नक्कल होऊ नये म्हणून त्याच्या फाईलवर जे तांत्रिक कुलूप घातले जाते, त्यास प्रत-संरक्षण किंवा अंकीय हक्क व्यवस्थापन, म्हणजेच डीआरएम, असे म्हणतात. छापील प्रत ग्रंथालयाच्या मालकीची असते. ई-पुस्तकाचा बहुधा केवळ परवाना मिळतो. हार्परकॉलिन्स या प्रकाशनसंस्थेने २०११ मध्ये ग्रंथालयांना एका परवान्यावर २६ वेळाच पुस्तक देण्याची अट घातली, तेव्हा हा भेद ठळकपणे पुढे आला.

स्वरूप आणि कुलूप

पुस्तक न उघडण्याची दोन निरनिराळी कारणे असतात व त्यांची नेहमी गल्लत होते. पहिले कारण फाईलच्या स्वरूपाचे. ईपबमधील मजकूर पडद्याच्या रुंदीनुसार मांडला जातो, तर पीडीएफचे पान जसेच्या तसे राहते आणि लहान मोबाईलवर वाचणे त्रासाचे होते. दुसरे कारण कुलपाचे. अडोबीच्या पद्धतीत वाचकाला आधी एसीएसएम नावाची छोटी फाईल मिळते. तिच्यात पुस्तक नसते. नोंदणीकृत खात्याची खातरजमा झाल्यावर ॲप खरे पुस्तक उतरवून घेते. कोबोची वाचनयंत्रे हे कुलूप उघडू शकतात, किंडल उघडू शकत नाही. रेडियम एलसीपी या पद्धतीत खात्याऐवजी परवलीचा शब्द लागतो. दोन्हींत मुदत परवान्यातच नोंदलेली असल्याने ती संपताच पुस्तक आपोआप बंद होते.

भारतीय कायदा

प्रताधिकार कायदा, १९५७ मध्ये २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आले. हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व दंड होऊ शकतो. हेतूची ही अट महत्त्वाची आहे, कारण कायद्याने मनाई न केलेल्या कामासाठी केलेली कृती या कलमात येत नाही. अपंग व्यक्तींना वाचता येईल अशी प्रत तयार करण्यास कलम ५२ मुभा देते. अव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयास आपल्याकडील छापील पुस्तक जतनासाठी अंकीय रूपात साठवता येते. ते घरी वाचायला वाटण्याची सवलत मात्र त्यात नाही.

नवापूर आणि मराठी वाचक

नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत आहे. ई-पुस्तकाच्या परवान्याला राज्याची सीमा अडवत नाही, देशाची अडवते. ओव्हरड्राइव्हची पुस्तके किंडलवर घेण्याची सोय अमेरिकेतील ग्रंथालयांपुरतीच आहे. डोंगराळ भागात नेटवर्क खंडित होत असल्यास हे ध्यानात ठेवावे, की अडोबीच्या पद्धतीत इंटरनेट पुस्तक उतरवतानाच लागते. पुढील वाचन त्याविना होते.

कुलूप नसलेले मराठी साहित्यही पुष्कळ आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ व ई-साहित्य प्रतिष्ठान पीडीएफ पुस्तके विनामूल्य देतात. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी प्रताधिकार संपतो. खानदेशाशी निकटचा संबंध असलेल्या साने गुरुजींचे निधन १९५० मध्ये झाल्याने त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन १ जानेवारी २०११ पासून मुक्त आहे.

तरीही कुलूप नसणे म्हणजे सुसंगतता नव्हे. श्री-लिपीसारख्या जुन्या, युनिकोडपूर्व टंकांत जुळवलेल्या पीडीएफ पडद्यावर नीट दिसतात, पण त्यांत शब्द शोधता येत नाही आणि दृष्टिहीनांसाठीचे वाचक-सॉफ्टवेअर मराठीऐवजी निरर्थक अक्षरे वाचते.