घशाचे दुखणे आणि हृदयाची झडप



“ताई, गळा दुखल्यानं काळीज कसं बिघडतं?” धडगावकडच्या एका पाड्यावर एका आईने मला विचारले. तिची बारा वर्षांची मुलगी पाण्याची कळशी घेऊन चढ चढताना तीनदा खाली बसायची. आम्ही तिला दवाखान्यात नेले. हृदयाची एक झडप खराब झाली आहे, आणि त्याची सुरुवात घशाच्या दुखण्यातून झाली असावी, असे डॉक्टरांनी सांगितले.

त्या आईला मी जे सांगितले तेच येथे लिहिते.

आपले हृदय साधारण आपल्या मुठीएवढे असते. त्यात चार कप्पे असतात : वर दोन अलिंदे, खाली दोन निलये. शरीरभर फिरून आलेले, प्राणवायू कमी झालेले रक्त उजव्या अलिंदात येते, उजव्या निलयात उतरते आणि तेथून फुप्फुसांकडे जाते. प्राणवायू घेऊन ते डाव्या अलिंदात परतते. मग डावे निलय ते महाधमनीतून सर्व शरीरात ढकलते. म्हणूनच डाव्या निलयाची भिंत सर्वांत जाड असते. निरोगी मोठ्या माणसाचे हृदय विश्रांतीत मिनिटाला सुमारे ७२ वेळा ठोके देते आणि तेवढ्या वेळात साधारण ५ लिटर रक्त पुढे पाठवते.

रक्त मागे फिरू नये म्हणून हृदयात चार झडपा असतात. छातीला कान लावल्यावर ऐकू येणारी ‘लब-डब’ म्हणजे या झडपा मिटल्याचा आवाज. पाड्यावरच्या हातपंपाचा वायसर झिजला की दांडा कितीही मारा, पाणी खाली परतते. झडप नीट मिटत नसली की हृदयाचेही तसेच होते. कष्ट दुप्पट, रक्त कमी. आणि मग धाप लागते.

आता घशाचे. घसादुखी बहुतेक वेळा आपोआप बरी होते. पण काही वेळा ती स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूमुळे होते. उपचार झाला नाही, तर दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांना ताप येतो. गुडघे, घोटे सुजतात, आणि दुखणे एका सांध्यातून दुसऱ्यात जाते. जंतूशी लढणारी शरीराची शक्ती चुकून स्वतःच्याच झडपांवर उलटते. याला संधिवाती ताप म्हणतात. ५ ते १५ वर्षांच्या मुलांत तो जास्त आढळतो. डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली द्विदली झडप बहुधा आधी बिघडते.

कबूल करते, दोन वर्षांपूर्वी याच मुलीचे गुडघे सुजले होते. “वाढीचं वय आहे, तेल चोळा,” असे मीच सांगितले होते.

म्हणून विनंती : मुलाचा घसा तापासह दुखत असेल, तर डॉक्टरांना दाखवा आणि दिलेले औषध पूर्ण करा. सांधे सुजले तर थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत आले की धाप लागणारे मूल आवर्जून पुढे करा. संधिवाती ताप होऊन गेलेल्या मुलाला पेनिसिलिनचे इंजेक्शन तीन-चार आठवड्यांनी, अनेक वर्षे घ्यावे लागते. बरे वाटले म्हणून ते सोडू नये. पुन्हा ताप आला की झडप आणखी बिघडते.

त्या मुलीचे इंजेक्शन दर २१ दिवसांनी असते. आई रोज भिंतीवर कोळशाने एक रेघ ओढते. एकवीस रेघा झाल्या की दोघी पहाटेच दवाखान्याची वाट धरतात.