आजीची ट्रंक आणि डांबराच्या गोळ्या

घरात बाळ येणार म्हटलं की आजीची ट्रंक उघडते. थोरल्या नातवाची झबली, टोपरी, जुन्या साडीची मऊ दुपटी बाहेर येतात आणि त्यांच्याबरोबर डांबराच्या गोळ्यांचा तो ओळखीचा वासही. तान्ह्या बाळाला कोऱ्या कापडाऐवजी धुऊन मऊ झालेले जुने कपडे घालण्याची आपली पद्धत चांगलीच आहे. अडचण आहे ती त्या वासाची.

पांढरी गोळी कपाटात ठेवली की काही महिन्यांत ती चण्याएवढी होते. ती विरघळत नाही, थेट वायुरूप होते. हा वायू म्हणजे नॅप्थलीन. तो कपड्यांच्या धाग्यांत मुरतो आणि कपडा अंगावर आला की श्वासातून व त्वचेतून शरीरात जातो. वास येतोय याचा अर्थच नॅप्थलीन नाकापर्यंत पोचलं आहे.

मोठ्यांना यातून सहसा डोकेदुखी किंवा मळमळ होते. काही बाळांच्या तांबड्या पेशींत मात्र जी-६-पीडी हे विकर जन्मतःच कमी असतं. हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो, म्हणून मुलग्यांत जास्त दिसतो. भारतातील काही समाजांत तो चांगलाच आढळतो आणि एरवी त्याचा घरात कुणाला पत्ताही नसतो. नॅप्थलीनपासून शरीरात जे पदार्थ तयार होतात, त्यांच्यापुढे या पेशी टिकत नाहीत. त्या फुटतात आणि कावीळ झपाट्याने वाढते. पित्तरंजक मेंदूत पोचलं तर बहिरेपण किंवा कायमचं अपंगत्व येऊ शकतं. ग्रीसमधील डॉक्टरांनी नुसत्या वासाने आजारी पडलेल्या नवजात बाळांची नोंद १९६३ मध्येच केली होती. युरोपीय संघात या गोळ्यांवर २००८ पासून बंदी आहे. आपल्याकडे त्या किराणा दुकानात सहज मिळतात.

आपल्या घरांत आणखी एक गोष्ट जमून येते. नॅप्थलीन तेलात सहज मिसळतं, त्यामुळे तेल लावलेल्या त्वचेतून ते अधिक शोषलं जातं. तेलाने चोळून, न्हाऊ घालून, ट्रंकेतल्या दुपट्यात बाळाला घट्ट गुंडाळणं म्हणजे त्याला वाटच करून देणं.

गंमत अशी, की सुती झबल्यांना या गोळ्यांची गरजच नसते. लोकर आणि रेशीम खाणाऱ्या अळ्यांना त्यातलं प्रथिन हवं असतं. स्वच्छ सुती कापडात ते नाही. दुसरा किडा, आपण ज्याला कसर म्हणतो तो, खळीवर जगतो. तेव्हा बाळाचे कपडे खळ न करता धुऊन, कडक उन्हात खडखडीत वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवले की काम झालं. लोकरी स्वेटर ठेवण्याआधी धुवावेत, अधूनमधून ऊन दाखवावं. ‘नैसर्गिक’ म्हणून कापराची वडी ठेवण्याचा सल्ला बरेच जण देतात. लहान मूल असलेल्या घरात तोही नको. थोडासा कापूर पोटात गेला तरी मुलाला झटके येऊ शकतात.

आधीच गोळ्यांत राहिलेले कपडे गरम पाण्यात धुऊन, मोकळ्या हवेत काही दिवस वाळवावेत. तरीही वास राहिला तर ते बाळासाठी वापरू नयेत, मग आठवण कितीही मोलाची असो. बाळंतिणीच्या खोलीतल्या कपाटातल्या गोळ्याही काढाव्यात.

बाळ पिवळं किंवा फिकट दिसू लागलं, दूध ओढेना, लघवी गडद झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावं आणि कपडे कुठून काढले तेही सांगावं. डॉक्टर नेमकं हे विचारतीलच असं नाही. रांगत्या मुलाने गोळी गिळलीच, तर उलटी करायला लावू नये आणि उतारा म्हणून दूधही पाजू नये. दुधातल्या स्निग्धांशामुळे नॅप्थलीन अधिक शोषलं जातं. गोळ्यांचं पाकीट बरोबर घेऊन तडक रुग्णालय गाठावं.