काळीज पुन्हा भरतं तेव्हा

मटणाच्या दुकानात काळीज मागितलं की यकृत तोलून मिळतं. त्यामुळे एखादी आई आपल्या लेकराला यकृताचा भाग देते, तेव्हा ‘काळजाचा तुकडा’ हे शब्द अक्षरशः खरे होतात. पुढे घडतं ते तर विलक्षणच. कापलेला भाग पुन्हा उगवत नाही. उरलेलाच वाढत जातो आणि काही महिन्यांत जवळपास मूळ आकाराला पोहोचतो. मेयो क्लिनिकमधल्या हिगिन्स आणि अँडरसन यांनी १९३१ साली उंदरांचं दोन तृतीयांश यकृत काढून हे मोजून दाखवलं. तिथे तर आठवडा-दहा दिवसांतच भरपाई होते!

पण सोनोग्राफीच्या रिपोर्टात ‘फॅटी लिव्हर’ लिहिलेलं असेल तर?

चरबीच्या थेंबांनी पेशी टचटचीत फुगतात. त्यांच्यामधून जाणाऱ्या रक्ताच्या वाटा मुळातच केसाहून कितीतरी बारीक. त्या आणखी दबतात. शस्त्रक्रियेत रक्तस्राव आवरायला सर्जन यकृताकडे येणारं रक्त काही वेळ अडवतात. ग्लासगोच्या प्रिंगल यांनी १९०८ साली सांगितलेली ही युक्ती आजही वापरतात, बहुधा पंधरा मिनिटं बंद, पाच मिनिटं सुरू अशी. निरोगी यकृत हे सोसतं. चरबीनं भरलेल्या पेशींना मात्र रक्त थांबण्यापेक्षाही ते परत येणं जड जातं: अचानक मिळालेल्या प्राणवायूतून दाहक रसायनं तयार होतात आणि आधीच थकलेल्या पेशी मरतात. मग कावीळ रेंगाळते, पोटात पाणी साठतं, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. म्हणून निरोगी यकृताचा २० ते २५ टक्के भाग मागे ठेवला तरी भागतं, तिथे चरबी बरीच असेल तर ३० टक्के किंवा त्याहून जास्त राखावा लागतो.

यातली सगळ्यात चकित करणारी गोष्ट अशी, की वाढायला लागलेलं यकृत स्वतःच चरबी गोळा करतं. उंदरांमध्ये शस्त्रक्रियेनंतर पहिल्या एक-दोन दिवसांत पेशींमध्ये थेंब दिसतात आणि वाढीचं इंधन म्हणून खर्ची पडतात. तीच चरबी, पण ही कामापुरती आणलेली, ती वर्षानुवर्षं साठून राहिलेली.

आणि साठलेलीही हटते. काही आठवडे बेताचं खाऊन, रोज चालून तिचं प्रमाण उतरतं. चरबीमुळे आधी नाकारलेले काही दाते असे पुन्हा तपासणीला येतात, आणि या वेळी डॉक्टर त्यांना शस्त्रक्रियेची तारीख देतात.